तेरड्यात लाल शाई चढत का नाही?

लाल शाईच्या पाण्यात तेरड्याची फांदी ठेवायची आणि देठातून रंग वर जाताना बघायचा, हा प्रयोग पुस्तकात एका ओळीत होतो. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा फसतो, आणि चूक बहुधा कापतानाच झालेली असते.

देठातल्या जलवाहिन्या म्हणजे मृत पेशींच्या पोकळ नळ्या. पानांतून वाफ उडते तशी त्यांतलं पाणी वर ओढलं जातं, म्हणजे दिवसा ते ताणलेलंच असतं. हवेत कात्री चालवली की ते झटक्यात आत सरकतं, मागून हवा शिरते आणि तेवढी नळी बाद. म्हणून फांदी घरी आणल्यावर देठ बादलीत बुडवा आणि खालचे तीनेक सेंटिमीटर पाण्याखालीच, नव्या ब्लेडने, तिरके कापा. बोथट कात्रीने नळ्या चेपतात. टोकाला थेंब लटकत असतानाच फांदी शाईत घाला: पेलाभर पाण्याला दोन चमचे शाई पुरे. रोप मुळासकट वापरू नका, कारण शाबूत मूळ रंग आतल्या थरापाशीच अडवतं.

दुसरी अडचण जागेची. तेरडा पावसाळ्यातला, आणि तेव्हा बंद खोलीतली हवा इतकी दमट असते की पानांतून बाष्प फारसं उडतच नाही. फांदी पंख्यासमोर, उजेडात ठेवा. शेजारी पानं खुडलेली दुसरी फांदी ठेवा, तिच्यात रंग रेंगाळेल. ओढ पानांची आहे, याचा यापेक्षा सोपा पुरावा नाही.

पाणी वर कसं चढतं याला ‘केशाकर्षणाने’, म्हणजे बारीक नळीत ते आपोआप चढतं म्हणून, हे उत्तर मला अपुरं वाटतं. 40 मायक्रोमीटर व्यासाच्या नळीत पाणी जेमतेम 75 सेंटिमीटर चढेल, माडाचं काय? शिवाय त्याला रिकामी नळी लागते, इथली तर आधीच भरलेली. वरून शोषणारा पंपही 10 मीटरच्या आसपास हात टेकतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात म्हणून हा स्तंभ न तुटता ओढला जातो, ही कल्पना डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी 1894 मध्ये डब्लिनमधून मांडली. मुळांचा दाब असतोच, पहाटे अळूच्या पानाच्या टोकाला येणारा थेंब त्याचाच; पण दिवसाउजेडी त्याचा वाटा किरकोळ.

रंग पानाच्या शिरांत दिसू लागला की देठ आडवा कापून भिंगाखाली धरा. लाल ठिपके कडेने गोल मांडलेले दिसतील, मधला गर कोरा.