दगडाखालची फीत

ओढ्यातल्या दगडांवरचे कीटक गोळा करायचे, निवडायचे आणि त्यांवरून पाण्याची प्रकृती ठरवायची, हे आमचं काम. हिवाळ्याच्या तोंडाशी एका नमुन्यावर बसलो होतो. कॅडिसफ्लाय (पाण्यात स्वतःभोवती नळीसारखा कोश बांधून वाढणारा कीटक) याच्या एका कोशाला चिकटलेला 'कचरा' ओढायला सहकाऱ्याने चिमटा पुढे नेला आणि मी जवळजवळ ओरडलोच, "थांब, ती तोडू नकोस!"

कोश तसा ओळखीचाच होता. वाळूच्या कणांची नळी, दोन्ही कडांना जरा मोठे खडे. पण त्याच्या तोंडातून एक तपकिरी, चपटी, लांब फीत बाहेर आली होती. पुस्तकात पाहिलेली ॲग्रिओटायपसची फीत पहिल्यांदाच समोर होती.

ॲग्रिओटायपस हा परजीवी गांधीलमाश्यांचा वंश. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांनी 1832 मध्ये त्याला नाव दिलं. युरोप-आशियातल्या वाहत्या, स्वच्छ ओढ्यांत तो सापडतो. मादी अंगाभोवती हवेचा पातळ थर घेऊन दगडावरून चालत सरळ पाण्यात उतरते आणि बंद झालेल्या कोशातल्या कॅडिसफ्लायवर अंडं घालते. अळी त्या कॅडिसफ्लायला खाऊन संपवते, मग रेशमाची ही फीत विणते. फितीत हवा असते, वाहत्या पाण्यातला प्राणवायू तिच्यातून आत झिरपतो. फीत तुटली की आतला जीव गुदमरतो. म्हणून तर मी ओरडलो.

त्या नमुन्यातला दुसरा फीतवाला कोश ब्रशखाली चिरडला होता, तो उघडून पाहिला. आत पूर्ण वाढलेली काळी माशी, पंख अंगाशी घट्ट, पाठीवर टोकदार काटा. ती वसंतात बाहेर पडायची होती. इतकी तयार माशी आणि तीही पाण्याखाली! आम्ही दोघं कितीतरी वेळ आळीपाळीने सूक्ष्मदर्शकाशी वाकत राहिलो.

माझं ठाम मत आहे की हा वंश अनोळखी राहायला आपल्या कामाच्या पद्धतीही जबाबदार आहेत. गांधीलमाश्यांचे अभ्यासक जाळी झाडाझुडपांत लावतात, ओढ्यात हात घालणारे आम्ही कोश 'कॅडिसफ्लाय' म्हणून मोजून मोकळे होतो. अल्कोहोलच्या बाटलीत फीत तुटली तर मग ओळख पटवायला बाहेरून काहीच उरत नाही.

शाबूत कोश त्याच दिवशी ओढ्यात नेऊन सोडला. आता दगड ब्रशने घासण्याआधी आम्ही तो पाण्यातच उलटून फिती शोधतो आणि नोंदवहीत त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवला आहे.