बे पाचे दहा

श्रावणातला दुसरा सोमवार

आज ह्यांना चहात आणखी साखर हवी होती आणि तेवढे सांगायला अकरा मिनिटे लागली. समोरच भिंतीवर घड्याळ आहे, म्हणून आकडा कळला. पूर्वी मी दुसऱ्याच मिनिटाला "साखर का?" असे म्हणून मोकळी झाले असते. वाचोपचार म्हणजे स्पीच थेरपी करणाऱ्या बाईंनी नेमके तेच करायचे नाही, अशी तंबी दिली आहे.

फाल्गुनात त्या सकाळी ह्यांच्या हातून पेपर गळून पडला, बोलणे जड झाले आणि मी म्हणाले, "थकवा असेल, जरा पडा." तो पक्षाघाताचा झटका होता. मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिली लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे मला इस्पितळात पोहोचल्यावर कळले आणि तोवर पाच तास उलटून गेले होते. त्या "जरा पडा"बद्दल घरात कोणी मला बोलले नाही. ह्यांना तर बोलताच येत नव्हते.

उजव्या हाताने व्यवहार करणाऱ्या बहुतेकांच्या मेंदूत भाषेचा कारभार डाव्या अर्ध्या भागात चालतो आणि शरीराची उजवी बाजूही तोच अर्धा भाग हलवतो. त्यामुळे ह्यांचा उजवा हात आणि ह्यांचे शब्द एकाच सकाळी गेले. ह्याला अफेजिया म्हणतात. समजते जवळजवळ सगळे, बुद्धीही शाबूत आहे, पण हवा तो शब्द जिभेपर्यंत येत नाही. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी १८६१ साली अशाच एका रुग्णाची नोंद केली, ज्याच्या तोंडून प्रत्येक प्रश्नाला "तान" एवढाच उच्चार निघत असे. बाईंनी ही हकीकत सांगितली तेव्हा हे हसले. मला मात्र त्या माणसाच्या घरच्यांची आठवण आली, म्हणजे ज्यांना मी कधी पाहिलेही नाही त्यांची.

चमत्कारिक गोष्ट अशी की, ज्यांना "पाणी" म्हणता येत नव्हते त्यांनी चैत्रात शेजारी आरती सुरू होताच "सुखकर्ता दुःखहर्ता" पहिल्या कडव्यापर्यंत न अडखळता म्हटली. मी हातातले ताट खाली ठेवले आणि रडले. बाईंनी नंतर समजावले की तोंडपाठ आणि चालीवरचे बोलणे वेगळ्या वाटेने येते, त्यामुळे ते पुष्कळदा शाबूत राहते. त्याचाच उपयोग करून त्या ह्यांना डाव्या हाताने टेबलावर ठेका धरायला लावतात आणि "पा-णी" असे सुरात म्हणवून घेतात. पाढेही असेच टिकून आहेत. "बे पाचे किती?" असे एकदम विचारले तर हे गप्प राहतात, पण मनाशी "बे एके बे" पासून पायरी पायरीने चढत "बे पाचे दहा"शी येऊन थांबतात आणि माझ्याकडे विजयी नजरेने पाहतात. बुधवार सांगायचा तर रविवारपासून निघावे लागते.

आणखी एक टिकून राहिलेली चीज म्हणजे शिवी. उभ्या आयुष्यात ज्यांनी माझ्यासमोर अपशब्द काढला नाही, त्यांच्या तोंडून आता "च्यायला" अगदी स्वच्छ येते. सूनबाई तोंडाला पदर लावून हसते, आणि माझीही हरकत उरलेली नाही.

बँकेतला प्रसंग मात्र जिव्हारी लागला. तीस वर्षे काउंटरवर बसून दुसऱ्यांच्या सह्या पडताळणाऱ्या माणसाला पेन्शन काढण्यासाठी डाव्या हाताचा अंगठा उठवावा लागला. घरी आल्यावर शाई पुसायला मी ओला रुमाल पुढे केला, तर ह्यांनी हात मागे घेऊन संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला.

चाळीस वर्षे मी ह्यांचे वाक्य पुरे करत आले आणि त्याला संसार जुळणे म्हणत आले. आता दातांखाली जीभ धरून बसताना वाटते, त्यांना आणखी काय काय म्हणायचे असेल, जे माझ्या घाईत राहून गेले? हे विचारायचे तरी कसे!

तर आज अकराव्या मिनिटाला "सा…" आले, मग "साख…" आले. मी हात मांडीवर ठेवून, श्वास रोखून बसले होते, गॅसवर काय ठेवले आहे हे विसरून. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि ते एका दमात ओरडले, "च्यायला, दूध!"