हो, मोजलं

अण्णांची जुनी मोटरसायकल अखेर बटणावर सुरू झाली. खरं तर आज मला छान झोप लागायला हवी. पण साडेअकरा वाजून गेलेत, नखांतली काळी ग्रीस निघता निघत नाही आणि दादाचा तो एक प्रश्न डोक्यातून जात नाही. तीन आठवड्यांपूर्वी फोनवर विचारलं होतं त्याने, "मोजलंस का?" आणि मी म्हटलं, "हो, मोजलं."

काय मोजलं होतं? बॅटरीच्या दोन टर्मिनलना मल्टिमीटर लावला, १२.६ व्होल्ट दिसले, मीटर बंद केला. गाडी नुसती उभी होती तेव्हा. बटण दाबून नाही. दादा ते विचारत नव्हता, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं.

बटण दाबलं की रिलेचा, म्हणजे मोटरला करंट सोडणाऱ्या स्विचचा, एकच 'टक्' यायचा, मग मोटर कण्हल्यासारखी जेमतेम अर्धा वेढा घ्यायची आणि गप्प. किकवर मात्र दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला सुरू. म्हणजे पॉइंट, कॉइल, कार्ब्युरेटर, ठिणगी-पेट्रोलचं सगळं जागेवर, दुखणं सेल्फच्याच, म्हणजे बटणाने इंजिन फिरवणाऱ्या मोटरच्याच, वाटेवर. बॅटरी उतरलेली असती तर रिले टकटकटक वाजत राहिला असता, दिवा मावळला असता. मोटरला इंजिनाशी जोडणारा वन-वे क्लच घसरत असता तर मोटर मोकळी गरगरली असती आणि इंजिन जागचं हललं नसतं. हे मला येतं. अण्णांच्या शेजारी बसून पान्हे पुसता पुसता आलेलं आहे. तरी मी ठरवून टाकलं की रिले गेला. जुना दिसत होता, एवढ्यावर.

त्या रिलेच्या रबरी टोपीवर कापडी चिकटपट्टी होती. तिच्यावर निळ्या बॉलपेनने अण्णांच्या अक्षरात लिहिलं होतं : बघितला, ठीक. खाली तारीख होती, तिचे फक्त शेवटचे दोन आकडे वाचता येत होते, ९४. पट्टीच्या कडा तेलाने तपकिरी झालेल्या. मी ब्लेडने ती कापली, टोपी ओढून काढली, दोन नट सोडवले आणि सगळं भंगाराच्या डब्यात टाकलं. डबा त्याच आठवड्यात गेला.

नवा रिले बसवला. तोच 'टक्', तेच कण्हणं.

तरी मोजलं नाही. मोटर उतरवली. कार्बन ब्रश चांगले लांब होते, स्प्रिंगांत जोर होता. कम्युटेटर काळवंडला होता, तो बारीक पॉलिश पेपरने पुसला, खाचा साफ केल्या, पुन्हा बंद केली. फरक शून्य. त्या रात्री गाडीशेजारी जमिनीवरच बसले आणि रडू आलं. जे जे जुनं ते ते माझ्याच वाट्याला, आणि माझ्या हातात आलं की बिघडतं, असं काहीतरी मनात चाललं होतं. घराचंही त्यात आलं. ते असो.

अण्णा सेल्फवर कधी फार विसंबले नाहीत. अमेरिकेतल्या 'इंडियन' नावाच्या मोटरसायकल कंपनीने १९१४ साली हेन्डी स्पेशलवर इलेक्ट्रिक स्टार्टर दिला, पण बॅटऱ्या टिकेनात म्हणून ती गाडी लगेच बंद करावी लागली, ही गोष्ट त्यांची ठरलेली. १९६९ साली होंडाने सीबी ७५० वर बटण दिलं तरी किक ठेवली, याचं त्यांना फार समाधान. आणि तरीही त्यांनी आपल्या गाडीचा रिले तपासला होता, वर तसं लिहूनही ठेवलं होतं. त्यांनी नक्की नीटच मोजलं असणार.

आज संध्याकाळी शेवटी मी बसले. इंजिन पेटू नये म्हणून किल स्विच बंद करायचा, तर आमच्या गाडीत त्याने सेल्फ बंद होत नाही, ते बरं. मीटर बॅटरीवर ठेवून बटण दाबलं : ११.४. इतकं कण्हत असताना बॅटरी दहाच्या खालीच काय, जवळपासही जात नव्हती. म्हणजे ती ओझं उचलायला तयार होती, ओझं तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. मग बॅटरीच्या पॉझिटिव्हवर एक टोक, मोटरच्या टर्मिनलवर दुसरं, पुन्हा बटण : ०.३, म्हणजे या वाटेत तेवढेच व्होल्ट वाया जात होते. या वाटेत नवा रिलेही आला. ठीक. मग निगेटिव्हपासून मोटरच्या अंगापर्यंत : ४.१.

चार व्होल्ट अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत येतो त्या, वाटेत खर्ची पडत होते. मी एकेक सांधा पुढे सरकत गेले. फ्रेमला टोक लावलं तर मीटर काहीच दाखवेना. दोनदा, तीनदा. मग लक्षात आलं की रंगावर टेकवतेय.

तो रंग मीच दिलेला. गेल्या वर्षी, तीन हात, मधे घासून घासून. बॅटरीची अर्थ वायर फ्रेमला जिथे बसते तिथेही तितकाच जाड आणि चकचकीत. सगळा करंट बोल्टच्या आट्यांतून जेमतेम जात होता. दिव्याला थोडेच अँपिअर लागतात, त्याचं भागत होतं. सेल्फ शंभराच्या आसपास ओढतो. तिथे ०.०४ ओहमचा अडथळा असला तरी चार व्होल्ट गेले. आणि मीटर ओहमवर ठेवून तो सांधा तपासला असता तर त्याने शून्यच दाखवलं असतं. बटण दाबल्याशिवाय हे दिसतच नाही. दादा म्हणत होता ते हेच.

बोल्ट काढला, वॉशरएवढ्या गोलातला रंग खरवडला, खालचं पोलाद पांढरं दिसेपर्यंत. वायरच्या टोकाचं थिंबलही घासलं, आवळलं, वरून थोडी ग्रीस. बटण दाबलं आणि चारही सिलिंडर एकदम बोलले. अर्थच्या वाटेत आता ०.१५.

रिले चांगला होता. तसं लिहिलेलंही होतं, डोळ्यांसमोर. हेच पुन्हा पुन्हा आठवतंय, रंगाचं तितकं नाही. रंग मी मनापासून दिला होता आणि तो सुंदर झालाय. त्या पट्टीचं मात्र काही करता येणार नाही. मोटर तरी तीच आहे, आतले ब्रश बहुधा त्यांनीच घातलेले, त्यांना मी परत जागेवर बसवलंय. गाडीवर आता अण्णांच्या हाताबरोबर माझाही हात आहे, चुकीसकट. तिला त्याचं काही वाटत नसावं, इतकी छान वाजत होती.

आणखी एक अर्थ त्याच रंगाखाली आहे, ती उद्या खरवडायची. दादाला अजून फोन केलेला नाही. गाडी सुरू झाली हे आधी सांगावं की त्या दिवशीच्या 'हो'चं, एवढंच ठरत नाहीये.