तुम्ही विचारलंत म्हणून : शेऱ्याचा रकाना

"मास्तर, स्टेशनचा हॉल्ट झाला तेव्हा खुर्चीवर तुम्हीच होतात ना? मग काहीच कसं बोलला नाहीत?"

मी तिथला स्टेशन मास्तर. हॉल्ट म्हणजे मास्तर नाही, सिग्नल नाही, नुसता गाडीचा थांबा. हे मला लग्नात विचारलं गेलं, दवाखान्याच्या रांगेत विचारलं गेलं. परवा एका बाईंनी फोन करून विचारलं. त्यांचं सगळं कॉलेज त्याच फलाटावरून झालं होतं. 'वरून आलं होतं' एवढं म्हणून मी आजवर सुटत आलो. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

आधी माझी बाजू मांडतो. लहान स्टेशनात चोवीस तास माणसं असायची ती तिकिटांसाठी नव्हे, गाड्यांसाठी. एकेरी मार्ग होता. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एक लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर घ्यायची, दुसरी काढून द्यायची. पुढच्या स्टेशनाकडे लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, मागायचा, घंटेचे ठोके मोजायचे, तिथल्या मास्तरने दिला की नीलच्या टोकन यंत्राची मूठ फिरवायची आणि खणकन गोळा बाहेर यायचा; तो गोळा म्हणजे गाडीला पुढच्या स्टेशनापर्यंतच्या टप्प्यात जायचा परवाना. एक गोळा बाहेर असेपर्यंत त्या टप्प्याच्या दोन्ही टोकांच्या यंत्रांतून दुसरा निघतच नाही; म्हणून समोरून गाडी सुटू शकत नाही. गोळा चामडी पिशवीत, पिशवी कड्याला, आणि कडं उंच धरून मामा फलाटाच्या टोकाला. न थांबणाऱ्या गाडीतला सहायक हात बाहेर काढून ते दंडात अडकवून घ्यायचा आणि मागच्या टप्प्याचं खाली टाकायचा. पावसात, रात्री अडीच वाजता, अंगावरून डबे जात असताना हे करणाऱ्या माणसाला कागदावर पॉइंट्समन म्हणतात. आम्ही तिन्ही पाळ्यांचे मास्तर त्यांना मामा म्हणायचो.

दुहेरी मार्ग झाला आणि क्रॉसिंग संपलं. आमच्या अलीकडचं आणि पलीकडचं स्टेशन आपसांत गाड्या चालवू शकत होती. मग आमचे सिग्नल कशाला, गाडीचा रूळ बदलणारे सांधे कशाला आणि ते सांभाळणारी माणसं तरी कशाला? हे मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. त्याबद्दल मला कोणी जाब विचारू नये.

इथवर ऐकून लोक मान डोलावतात आणि मीही इथेच थांबतो.

पण तिकीट खिडकीचा प्रश्न शिल्लक होता. तिथे रेल्वेचा माणूस ठेवायचा, की कमिशनवरचा एजंट नेमून हॉल्ट करायचा? ते ठरवण्यासाठी विक्रीचे आकडे मागवले गेले. एका दुपारी निरीक्षक आले. भला माणूस. टेबलावर तक्ता पसरला आणि म्हणाले, "तुम्हीच भरा, अक्षर चांगलं आहे तुमचं." मी रजिस्टर काढलं आणि महिन्यामागून महिना उतरवत गेलो. आकडे खरे होते. एकही कमी केला नाही, एकही वाढवला नाही. मामा दारात बसून हातबत्तीची काच पुसत होते.

पुसता पुसताच म्हणाले, "मास्तर, पासवाल्या पोरी धरल्या का यात?"

सकाळच्या पॅसेंजरला आमच्याकडून कॉलेजच्या मुली चढायच्या. पण पास त्या जंक्शनवर काढायच्या, आणि ज्या स्टेशनवर पास निघतो त्याच्याच नावावर विक्री पडते. म्हणजे फलाट भरलेला आणि आमच्या रजिस्टरात त्यांचा पत्ता नाही. तक्त्यातला शेवटचा रकाना शेऱ्याचा होता, चांगला चार बोटं रुंद. दोन ओळी सहज मावल्या असत्या. निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. "काही लिहायचंय?"

मी पेनचं टोपण लावलं. म्हणालो, "नाही. आकडे आहेत तेवढे पुरे."

मामा काच पुसत राहिले. ती केव्हाच लख्ख झाली होती.

का नाही लिहिलं? माझा बदलीचा अर्ज वर गेलेला होता. मुलांची शाळा, आईचं दुखणं, सगळं एका बदलीवर अडलं होतं. निरीक्षकांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. अर्ज त्यांच्या हातातही नव्हता. भीती सगळी माझ्याच मनातली: हा माणूस अडवणूक करतो असं कुठे नोंदलं जायला नको.

तेव्हाचा मी आजही माझ्याशी भांडतो. म्हणतो, दोन ओळींनी काय झालं असतं? तक्त्यांचे गठ्ठे जातात, शेरे वाचतो कोण? मी म्हणतो, नसेल वाचत. मग लिहायला कशाला घाबरलास? त्यावर तो गप्प बसतो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो: 'तू तरी आकडे फुगवले असतेस का?' नसते फुगवले. तिथे मी गप्प.

तीन महिन्यांनी माझी बदली झाली. त्याच्या थोडं आधी यंत्रं काढून नेली. गोळे मोजून पोत्यात भरले. एकेकावरचा नंबर मामा मोठ्याने वाचत होते, मी खूण करत होतो. पोतं बांधून झाल्यावर सही माझीच.

आता तिथे हॉल्ट आहे. 2017 च्या नव्या वर्गवारीत अशा सगळ्या जागा 'एचजी', म्हणजे हॉल्टच्या गटात गेल्या. एजंट मुलगा होतकरू आहे, त्याला बोल लावू नका. विकेल त्यावर कमिशन. शेजारच्या स्टेशनाशी बोलायचा फोन त्याच्याकडे नाही, सिग्नल नाही, रात्री थांबायचं बंधनही नाही. आता फलाटाकडे नजर टाकणारा रेल्वेचा माणूस म्हणजे गाडीतला गार्ड. जानेवारी 2022 पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. त्याचा डबा फलाटाच्या पार शेवटच्या टोकाला थांबतो, तिथे दिवा नाही.

फोन करणाऱ्या त्या बाई म्हणाल्या, "तेव्हा उशीर झाला की आम्ही तुमच्या खिडकीशी येऊन गाडी कुठवर आली ते विचारायचो, आठवतं? आता माझी भाची तिथूनच जाते. गाडी कुठवर आली ते तिला मोबाइलवर दिसतं. पण अंधार पडला की ती फलाटावर थांबत नाही, बाहेर रस्त्यावरच्या दिव्याखाली उभी राहते. गाडीचा आवाज आला की पळते."

यावर मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. बहुधा 'वरून आलं होतं' हेच.

मामा अजून भेटतात. हा प्रश्न त्यांनी मला एकदाही विचारलेला नाही.

त्या तक्त्याची प्रत माझ्याकडे आहे. शेऱ्यात काय लिहायला हवं होतं ते मी कितीदा तरी वेगळ्या कागदावर लिहून पाहिलं. कधी विनंती होते, कधी तक्रार. दोन ओळींत अजून बसलेलं नाही.