74 अंशांवरची रेघ

आमचं घर गोव्यात फोंड्याकडे, कुळागराला म्हणजे पोफळीच्या बागेला लागून. त्यामुळे रात्री आभाळाचे फोटो काढताना नेम धरायला ध्रुवतारा मला मिळतच नाही. इथून तो क्षितिजापासून जेमतेम साडेपंधरा अंश वर, आणि तेवढं आभाळ पोफळींनी अडवलेलं. मग माउंट, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारा स्टँड, लावायचा ड्रिफ्ट पद्धतीने. दक्षिणेला खगोलीय विषुववृत्ताजवळचा एक तारा धरायचा, तो उत्तरेला सरकतो की दक्षिणेला ते बघायचं, स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा बघायचं. नंतर तेच पूर्वेच्या ताऱ्यावर. हल्ली लोक सॉफ्टवेअरवर सोपवून पाच मिनिटांत मोकळे होतात. होईनात का. 3 मिनिटांच्या फ्रेममध्ये माझे तारे गोल येतात.

जानेवारीची अमावस्या होती. संध्याकाळी सवयीने हवामान खात्याचं उपग्रहचित्र पाहिलं, ढग नव्हते. मृगातला हॉर्सहेड, घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा काळा तेजोमेघ, घ्यायचं ठरलं. शेजारच्या काकांचा एलईडी फोकस मात्र थेट परसात.

"काका, बारापर्यंत बंद ठेवाल?"

"आणि रानडुकरं आली तर तू धावणार?"

शेवटी त्यांनी तो खाली वळवला, हेही नसे थोडके. पूर्वीचे पिवळे सोडियमचे दिवे बरे होते. त्यांचा उजेड 589 नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला, फिल्टर लावला की बराचसा गेला. पांढरा एलईडी सगळ्या रंगांत सांडतो, त्याला काय गाळणार? पंचायतीने गल्लीभर तेच लावलेत आणि वीज वाचली म्हणून खूश आहेत.

लेन्सला दव धरू नये म्हणून हीटरची पट्टी बांधली आणि फ्रेम सुरू केल्या. साडेदहानंतरच्या फ्रेम उघडल्या, तर घोड्याच्या डोक्याखालून पूर्व-पश्चिम सरळ रेघ. विमान म्हणावं तर दिव्यांची उघडझाप नाही. पुढच्या फ्रेममध्ये तीच रेघ, आधीची संपली तिथून थोडं अंतर सोडून पुढे. अशा लागोपाठ चार.

लांबी मोजली, 45 कला, म्हणजे पाऊण अंश. तारे 3 मिनिटांत नेमके एवढेच सरकतात. म्हणजे ती वस्तू जागची हललीच नव्हती. माउंट ताऱ्यांमागे पश्चिमेला चालला होता, म्हणून फोटोत ती पूर्वेला पळाली. भूस्थिर उपग्रह!

हे उपग्रह विषुववृत्तावर असतात, पण आपण उत्तरेला, त्यामुळे गोव्यातून त्यांचा पट्टा सुमारे 2.7 अंश दक्षिणेला उतरलेला दिसतो. हॉर्सहेड आहे उणे 2.4 अंशांवर, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताच्या जवळपास तेवढाच दक्षिणेला. दिल्लीहून हा पट्टा आणखी खाली जातो, तिथल्यांना ही भानगड नाही. त्यात फोंडा 74 अंश पूर्व रेखांशावर, आणि मृग माथ्यावर असताना समोर येतो तो 74 अंशांचाच थांबा, म्हणजे उपग्रहांची ठरलेली जागा. तिथे इस्रोचा इन्सॅट-3डीआर आहे. 2016 साली सोडलेला, ढगांचे फोटो काढणारा. म्हणजे संध्याकाळी ज्याच्या चित्रावर विसंबून मी दुर्बीण बाहेर काढली, बहुधा तोच.

बहुधा, कारण त्या थांब्यावर दळणवळणाचे उपग्रहही आहेत. एका मित्राला फोटो दाखवला तर म्हणाला, "सिग्मा क्लिपिंग लाव, जाईल." ते मलाही कळतं. फ्रेम एकावर एक रचताना एखाद-दुसऱ्या फ्रेममध्येच असलेलं सॉफ्टवेअर काढून टाकतं, आणि तसा स्वच्छ फोटो मी केलाही. कौतुक त्याचंच झालं. मला हवंय त्या रेघेचं नाव. रेघेच्या टोकाची जागा कक्षेच्या आकड्यांशी ताडून पाहता येते, पण शटर कधी मिटलं ते नेमकं हवं. एका सेकंदाला 15 विकलांचा (60 विकला म्हणजे एक कला) फरक पडतो, आणि माझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ दिवसाला किती मागे पडतं ते आता मोजायला घेतलंय.