सिक्कीम: क्षेत्रफळाने लहान, उंचीने अफाट

न्यू जलपाईगुडीला रेल्वेतून उतरून आम्ही जीपने गंगटोककडे निघालो, तेव्हा माझ्यासोबत सहावीतली भाची आणि तिसरीतला भाचा होता. त्यांच्याच वयाच्या मुलांसाठी मी हे लिहीत आहे, कारण भूगोलाच्या पुस्तकात रुक्ष वाटणारे आकडे त्या त्या जागी उभे राहून वाचले की चटकन समजतात.

तिस्ता नदीच्या काठाने जाणारा रस्ता रंगपो येथे सिक्कीममध्ये शिरतो. या राज्याचे क्षेत्रफळ 7,096 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. देशात याहून लहान राज्य एकच, ते म्हणजे गोवा. लोकसंख्येत मात्र सिक्कीमचा क्रमांक सर्वांत शेवटचा असून 2011 च्या जनगणनेत तेथे 6,10,577 माणसे नोंदली गेली. लोकसभेत या राज्याचा एकच खासदार असतो. सिक्कीम पूर्वी चोग्याल राजांच्या सत्तेखाली होते आणि 16 मे 1975 रोजी ते भारताचे बाविसावे राज्य झाले.

पण क्षेत्रफळ मोजले जाते ते सपाट नकाशावर, आणि सिक्कीममध्ये सपाट जमीन शोधूनच काढावी लागते. रंगपोजवळ समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांच्या आसपास असलेली भूमी सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत 8,586 मीटरांवर, कांचनजंगा या जगातील तिसऱ्या क्रमांकाच्या शिखरापर्यंत पोहोचते. म्हणून या राज्याची खरी ओळख मला उंचीच्या आकड्यांतच दिसते. गंगटोक सुमारे 1,650 मीटरांवर आहे आणि आपले कळसूबाई 1,646 मीटरांवर. महाराष्ट्राच्या सर्वोच्च माथ्याएवढ्या उंचीवर तेथे शाळा भरतात, बाजार चालतात, हे ऐकून भाची बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली.

दुसरे उदाहरण त्सोमगो सरोवराचे. ते गंगटोकपासून साधारण चाळीस किलोमीटरांवर, सुमारे 3,750 मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात गोठते. चढणीवर भाच्याच्या हातातले वेफर्सचे पाकीट फुगत फुगत उशीसारखे टणक झाले. पाकिटातली हवा कारखान्यात होती तेवढीच राहिली, बाहेरच्या हवेचा दाब मात्र समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन तृतीयांशावर आला, म्हणून आतल्या हवेला पसरायला वाव मिळाला. मुलांनो, तिथे चार पावलांत धाप लागते त्याचे कारणही हेच: एका श्वासात प्राणवायू कमी येतो. त्यामुळे सरोवराकाठी धावाधाव करू नये, सावकाश चालावे.

उंची बदलली की पीकही बदलते. मसाला वेलचीच्या उत्पादनात सिक्कीम देशात आघाडीवर आहे. तिची रोपे दमट उतारावर उतीस नावाच्या झाडांच्या सावलीत वाढतात, आणि या झाडांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्मजीव हवेतील नायट्रोजन जमिनीला मिळवून देतात. बोंडे भट्टीच्या धुरावर वाळवतात. आपल्या गरम मसाल्यातल्या मोठ्या वेलचीला धुराचा वास येतो तो त्यामुळे. 2016 मध्ये सिक्कीम हे देशातील पहिले पूर्ण सेंद्रिय शेतीचे राज्य म्हणून जाहीर झाले.

त्याच वर्षी कांचनजंगा राष्ट्रीय उद्यानाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, आणि तोही निसर्ग व संस्कृती या दोन्ही कारणांसाठी. असा मिश्र वारसा म्हणून मान मिळालेले हे भारतातले पहिले स्थळ होय. स्थानिक लोक या पर्वताला रक्षणकर्ता देव मानतात. 25 मे 1955 रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे ब्रिटिश गिर्यारोहक नेपाळच्या बाजूने वर पोहोचले, तेव्हा चोग्यालांना दिलेल्या शब्दाखातर ते माथ्याच्या काही फूट खाली थांबले. मग ते शिखर सर केले असे म्हणायचे का, असे भाचीने विचारले. गिर्यारोहणाच्या इतिहासात कांचनजंगावरील पहिली यशस्वी चढाई म्हणून हीच नोंदली गेली आहे, आणि पुढे अनेक गिर्यारोहकांनीही माथ्यावर पाऊल न ठेवण्याचा हा रिवाज पाळला.