तुम्ही विचारलंत म्हणून : जुनी गाडी कुठली घेऊ?

लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, ऑफिसात डबा खाताना, आणि गेल्या महिन्यात तर चुलत दिराच्या साखरपुड्यात ऐन पंगतीत मला हा प्रश्न विचारला गेला. "तुमची वॅगन आर इतकी वर्षं बिनबोभाट चालतेय. आम्हालाही एक जुनी घ्यायचीय, रोज वापरायला. दोन-अडीचात कुठली घेऊ?" प्रत्येकाला जिन्यात उभ्या उभ्या उत्तर देते, ते अर्धवट राहतं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी माझी लायकी सांगते. मी गाड्यांमधली जाणकार नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्यात राहते, नवी मुंबईत महापेला एका लॅबमध्ये नोकरी करते. २०१९च्या दिवाळीनंतर २०१३ची वॅगन आर घेतली, तेव्हा मीटरवर ४६ हजार होते, आज एक लाख दहा हजारांच्या पुढे गेलेत. ती घेण्याआधी अकरा गाड्या बघितल्या, आणि नंतर नातेवाइकांसाठी आणि ऑफिसातल्यांसाठी मिळून आणखी वीसेक. एवढंच माझं भांडवल.

विचारणाऱ्याला मॉडेलचं नाव हवं असतं. मी उलट विचारते : रोज कुठून कुठे जाणार? बहुतेकांना हे उत्तर टाळण्याची युक्ती वाटते. पण माझा रोजचा रस्ता बघा. मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा, साकेत, कळवा पूल, विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे. यातलं ऐरोलीच्या पुढचं ठाणे-बेलापूर रोडवरचं अंतर गाडी चालवण्यासारखं असतं. त्याच्या आधीचं सगळं रांगणं. घोडबंदर रोडवर सकाळी साडेआठला गाडी चालवणं म्हणजे डावा पाय चालवणं. पहिला गिअर, अर्धा क्लच, चार फूट पुढे, ब्रेक. अशा रस्त्यावर पाच वर्षं चाललेल्या गाडीचं मीटर तीस हजार दाखवत असेल, पण क्लचप्लेट साठ हजारांची झालेली असते. पाम बीच रोडवरून नेरुळ-बेलापूर करणाऱ्याची त्याच सालची, त्याच किलोमीटरची गाडी वेगळीच निघते. म्हणून आपण कुठे चालवणार हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ती आजवर कुठे चालली हेही. मॉडेल त्यानंतर.

रस्ता रांगण्याचा असेल तर डिझेलचा सोस सोडा. एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ (धुराचे कडक नियम पाळणाऱ्या) डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी अधूनमधून सलग वेगात पळावी लागते. माजिवड्याच्या सिग्नलला उभी राहून ती जळत नाही, फिल्टर चोंदतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्याआधीच्या डिझेल गाड्यांत शक्यतो ही भानगड नसते, पण त्या आता वयाने मोठ्या झाल्यात आणि त्यांचे इंजेक्टर स्वस्तात होत नाहीत. दिल्ली पासिंगची डिझेल गाडी फार स्वस्त दिसली तर कारण समजून घ्या. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, म्हणून त्या इकडे येऊ लागल्या. पण तिथली एनओसी, इथला कर, नवा नंबर हे सगळं धरलं की स्वस्ताई बरीचशी विरघळते.

दिवसाला पन्नास किलोमीटर होत असतील तर सीएनजीचा विचार करा, पण कंपनी फिटेड. बाहेरून बसवलेली असेल तर आरसी बुकात तिची नोंद आहे का बघा, आणि टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) झालीय का तेही. डिकी गेली हे आधीच घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर गावी जाताना भांडण होतं. ऑटोमॅटिकचा मोह मलाही होतो. सेलेरिओ २०१४मध्ये एएमटी, म्हणजे आपोआप बदलणारे गिअर, घेऊन आली आणि तेव्हापासून स्वस्त गाड्यांत डाव्या पायाला सुटी मिळाली. फक्त हे लक्षात असू द्या की एएमटीत क्लच असतोच. तो तुमच्याऐवजी एक यंत्र दाबतं, आणि रांगण्यात तोही झिजतोच. जुन्या गाडीत ते यंत्रही जुनं झालेलं असतं.

मॉडेलचं विचारलंतच, तर ज्या गाडीचं सामान तुमच्या नाक्यावरच्या दुकानात मिळतं ती. वॅगन आर, स्विफ्ट, अल्टो के-टेन, आय-टेन, जरा मोठी हवी तर एटिओस. शेवरोलेने २०१७च्या अखेरीस इथली विक्री बंद केली, फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्या गाड्या वाईट नव्हत्या. फिगो तर चालवायला माझ्या गाडीपेक्षा कितीतरी मजेदार. पण मैत्रिणीने घेतली आणि एका साइड मिररसाठी कुर्ल्याच्या भंगार बाजारात दोन शनिवार घालवले. रोजच्या गाडीला हा षौक परवडत नाही.

एक गोष्ट मी तेव्हा केली नाही आणि आज करीन. माझ्या गाडीत एअरबॅग नाही. १ जुलै २०१९पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, एबीएसही (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) त्याच वर्षीच्या एप्रिलपासून. बजेट थोडं ताणून त्यानंतर बनलेली गाडी मिळत असेल तर ताणा. म्युझिक सिस्टीम नंतर बसवता येते, एअरबॅग नाही.

आता बघायला जाण्याचं. इथे मी सर्वात हट्टी आहे : गाडी थंड असताना, सकाळी, पहिला स्टार्ट माझ्यासमोर. फोनवर तसं ठरवून घ्यायचं. तापलेलं इंजिन बरंच काही लपवतं. थंड गाडी सुरू करताना निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जातंय. डिसेंबर-जानेवारीत पहिल्या मिनिटाला सायलेन्सरमधून वाफ येते, तिला घाबरू नका. मग इंजिन चालू असताना ऑइल टाकायचं झाकण उघडायचं. तिथून भकाभका धूर आला तर इंजिन काम निघणार, गाडी कितीही चकाचक असो.

कोपरखैरण्याला एक स्विफ्ट बघायला गेलो होतो, भाच्यासाठी. जानेवारीतली सकाळ, सातला दहा कमी. मालकांना आदल्या रात्री बजावलं होतं की चावी लावू नका. गाडी पुसून ठेवलेली, पांढरी शुभ्र, टायरला काळं पॉलिश, आणि बॉनेटवर सोसायटीचं एक मांजर पाय पोटाशी घेऊन डोळे मिटून बसलेलं. भाचा म्हणाला, मावशी, गाडी बघ ना, मांजर काय बघतेस. मी मांजराच्या शेजारी हात ठेवला. पत्रा चांगला कोमट होता. मालक म्हणाले, "अहो, रात्री उशिरा आलो ना." म्हटलं, हरकत नाही, संध्याकाळी येतो, तोवर सुरू करू नका. दुपारीच त्यांचा फोन आला की गाडीला टोकन आलंय. भाचा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

मीटर मागे फिरवलेलं ओळखायचं तर मीटरकडे बघूच नका. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिजलेली चमक, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०१८ची गाडी, मीटरवर बावीस हजार, आणि चारही टायर २०२३चे? मग पहिले टायर बावीस हजारांच्या आत कसे गेले ते विचारायचं. खिडक्यांच्या काचांवरही बनवल्याच्या सालाच्या खुणा असतात. एकच काच वेगळी असेल तर त्या बाजूने गाडी ठोकलेली असण्याची शक्यता. दाराची रबरं ओढून पिलर (छत पेलणारे दारांजवळचे खांब) बघा, बॉनेट उघडून एप्रन (इंजिनच्या दोन्ही बाजूंचा आतला पत्रा) बघा. बंपरला टचअप असणं म्हणजे गाडी ठाण्यात चाललीय एवढंच. पिलरवर किंवा एप्रनवर पॅनल बदलल्याच्या, वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर मी चहासुद्धा घेत नाही.

आणि पाणी. २६ जुलै २००५च्या गाड्या आता राहिल्या नसतील, पण जुलै २०१९मध्ये बदलापूर-कल्याणकडे पाणी भरलं, आणि सखल पार्किंगमध्ये तर दरवर्षी कुठे ना कुठे भरतंच. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, नवी सीट कव्हरं घालून विकायला येते. अशीच एक आम्ही बघितली. आत परफ्यूमच्या तीन बाटल्या होत्या, तिथेच संशय आला. आमच्या मेकॅनिकने मागच्या सीटचा बेल्ट धरला आणि ओढतच गेला, शेवटपर्यंत. वरचा दीड हात बेल्ट काळा कुळकुळीत, आणि जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो तिथे मातकट रेघ, चहाचा कप बशीवर ठेवल्यावर उमटते तशी. मग त्याने डिकीतली स्टेपनी काढली, खालच्या खड्ड्यातून बोट फिरवलं आणि बोट मालकापुढे धरलं. बोलला काहीच नाही. अशा गाडीचं इंजिन आज चालेल, पण वायरिंग दर पावसाळ्यात आठवण करून देत राहतं.

मेकॅनिकला बरोबर नेण्याचे मी पाचशे-हजार रुपये आणि नाश्ता देते. तेवढ्या पैशात सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतली रबरं), लोअर आर्म, इंजिन माउंटिंग, सगळं त्याच्या कानाने तपासून होतं. खाडीच्या हवेत उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीला तो हमखास वाकून दाराखालचा पत्रा बघतो. तिथे गंज असेल तर वरून रंग कितीही मारा.

कागदांचं थोडक्यात. फॉर्म २९ आणि ३० नाव बदलायला, बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. 'नंतर देतो' हे चालवून घ्यायचं नाही. इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र जुन्या मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. दंडाच्या ई-चलानांची बाकी नंबर टाकून आधीच बघा. मी बघितली नाही आणि अनोळखी माणसाने सिग्नल तोडल्याचे चोवीसशे रुपये भरले. १ एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असेल तर तिला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसलीय का तेही बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. म्हणजे बारा वर्षांची गाडी स्वस्तात घेतली तर ती यातायात तीन वर्षांत तुमच्या दारात उभी.

पैशाचं गणित माझ्या अनुभवातून सांगते. गाडी सव्वादोन लाखांना पडली, पहिल्या दोन महिन्यांत बत्तीस हजार गेले. चार टायर, बॅटरी, क्लच सेट, बुश, ऑइल आणि फिल्टर. त्यात फसवणूक काहीच नव्हती. जुन्या मालकांनी, नौपाड्यातले निवृत्त गृहस्थ, टायर संपलेत हे स्वतःच सांगितलं होतं आणि प्रत्येक सर्व्हिसचं बिल तारीखवार फायलीत लावून दिलं होतं. ती फाइल बघूनच मी गाडी घेतली, खरं तर. म्हणून अडीच लाख हाताशी असतील तर अडीच लाखांची गाडी बघू नका. दोन-दहाची बघा आणि उरलेले बँकेत राहू द्या.

आता माझीच गाडी कधी काढणार, हेही विचारता तुम्ही. तिची पंधरा वर्षं २०२८मध्ये भरतात, तोवर तरी नाही. एप्रिल २०२३च्या आधीची असल्याने आताचं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल तिच्यासाठी बनलेलं नाही. मायलेज किंचित उतरलंय, आणि इंधनाचे रबरी पाइप मेकॅनिक दर सर्व्हिसला बघतो. या मे महिन्यात त्याने डाव्या दाराखाली नखाने टोकरलं, नखाएवढा पापुद्रा निघाला. म्हणाला, "ताई, हिला आता पावसात विटाव्याच्या सबवेतून काढू नका." तेव्हापासून जोराचा पाऊस असला की मी मुलुंडकडून ऐरोली पुलावरून जाते. लांब पडतं. पण ऑक्टोबर २०२४पासून तिथला टोल गेलाय, आणि पुलावर सकाळी चौथा गिअर पडतो.